नव्वद दिवस, आयुष्यात एकदा

नोकरी गेलेल्या कामगाराला या देशात जो बेकारी भत्ता मिळतो, त्याला ग्वाल्हेरच्या माणसाचे नाव आहे. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. अटलबिहारी वाजपेयी जन्मले ते शिंदे की छावणीत, आमच्या नई सडकेवरून पायी सहज जाता येईल एवढ्या अंतरावर. शहराला या नावाचा अभिमान आहे, मलाही आहे. म्हणूनच त्या नावाखाली कामगाराच्या हातावर काय ठेवले जाते, ते इथल्याच माणसाने मोठ्या आवाजात सांगायला हवे. सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम. जास्तीत जास्त ९० दिवस. आणि तीही आयुष्यात एकदाच.

एकदाच म्हणजे एकदाच. तिशीत कारखाना बंद पडला आणि ज्याने हे नव्वद दिवस वापरले, त्याला पन्नाशीत पुन्हा घरी बसवले तर त्याच्यासाठी या योजनेत काही नाही. १ जुलै २०१८ ला योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम निम्मीसुद्धा नव्हती, पंचवीस टक्के होती. करोनात लाखो माणसे उघड्यावर आली, तेव्हा कुठे २०२० साली ती पन्नास टक्के झाली. नव्वदाचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

हिशेब करून बघा. महिना १२,००० रुपये कमावणाऱ्याचा रोज ४०० रुपये धरा. त्याचे निम्मे २००. नव्वद दिवसांचे झाले १८,००० रुपये. वीस-वीस वर्षे ज्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, हप्ता दर महिन्याला कापला गेला, त्याच्या बेकारीची सरकारने ठरवलेली आयुष्यभराची किंमत ही आहे. शहरातल्या लश्कर भागात दोन खोल्यांचे भाडे, एका मुलाची फी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची औषधे एवढे भागवले की यातले उरते काय?

माझा मुद्दा एकच आहे आणि तो मी शेवटपर्यंत सोडणार नाही. बेकारी माणसाला मोडते ती पहिल्या तीन महिन्यांत नव्हे. पहिले तीन महिने तो कसेबसे काढतो. शेवटचा पगार असतो, कुठे थोडी शिल्लक असते, मेहुणा उसने देतो, किराणावाला ओळखीवर सामान देतो. चौथ्या महिन्यात किराणावाला वही मिटतो. पाचव्यात बायकोच्या बांगड्या सराफ्यात जातात. सहाव्यात मुलीची शाळा बदलते. सातव्या-आठव्यात कुठे मुलाखतीला बोलावणे आलेच तर समोरचा विचारतो, ‘इतके दिवस घरी का बसला होता?’ आणि त्याच कारणावरून नकार देतो. बेकारी जितकी लांबते तितकी नोकरी दुरावते, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. खरी गरज चौथ्या महिन्यात सुरू होते आणि सरकार तिसरा महिना संपताच हात झटकते. ही चूक तपशिलातली नाही, योजनेच्या मुळातली आहे.

नई सडकेवर एमपी ऑनलाइनची दुकाने आहेत. मुलांचे परीक्षेचे अर्ज, जातीचे दाखले, म्हाताऱ्यांच्या हयातीची प्रमाणपत्रे, सगळे तिथे होते. अशाच एका दुकानात मला एक ओळखीचे गृहस्थ भेटले. वय पन्नाशीच्या उंबऱ्यावर, घरात मराठी, बाहेर हिंदी, आम्हा सगळ्यांसारखेच. ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरच्या एका कारखान्यात ते ठेकेदारामार्फत कामाला होते. उन्हाळ्यात एक दिवस फाटकावर सांगितले, उद्यापासून येऊ नका. चिठ्ठी नाही, नोटीस नाही. मला बघून म्हणाले, ‘काका, जरा वाचा ना, काय म्हणतंय हे.’ पडद्यावर म्हणत होते ते एवढेच की पुरेशी वर्गणी जमा नाही, अर्ज पात्र नाही.

त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तीत त्यांची तीन विमा कार्डे होती, तिन्हींवर वेगवेगळा नंबर. यंत्र तेच, पाळी तीच, सुपरवायझर तोच. पण कागदावर ठेकेदार बदलला की विम्याचा नंबर नवा. मधले काही महिने कापलेले पैसे भरलेच गेले नव्हते. नियम सांगतो की किमान दोन वर्षे विमाधारक नोकरी हवी, नोकरी जाण्याआधीच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात पुन्हा ७८ दिवसांची. ते दिवस त्यांनी कारखान्यात उभे राहून काढले होते, पण तीन कार्डांत विभागून गेल्यामुळे एकाही कार्डावर पुरे पडत नव्हते. नंबर एकत्र करून घेता येतात, मला ठाऊक आहे. त्यासाठी कागद लागतात, आणि कागद ज्याच्याकडे आहेत तो ठेकेदार फोन उचलत नाही. दुकानातला मुलगा चांगला होता, त्याने दोनतीनदा खटपट केली, मग म्हणाला, ‘अंकल, सिस्टम नहीं ले रहा.’ त्या गृहस्थांनी तिन्ही कार्डे पुसून परत पिशवीत ठेवली आणि अर्ज भरण्याचे पैसे मोजून दिले.

इतका तुटपुंजा भत्ता, आणि तोही त्याच्यापर्यंत पोचत नाही. वर्गणी भरण्याची जबाबदारी मालकाची. ती न भरल्याचा गुन्हा मालकाचा. शिक्षा मात्र कामगाराला. हा कोणता न्याय? कुणाची वर्गणी कोणत्या महिन्यात थांबली हे ईएसआय महामंडळाच्या संगणकात असते. माणसाचा आधार क्रमांकही त्यांच्याकडे असतो. एका आधारवरचे तीन नंबर जोडायला आणि थकलेली वर्गणी मालकाकडून वसूल करायला कायद्याने महामंडळाला हात दिलेले आहेत. ते हात कामगाराची पात्रता तपासतानाच तेवढे चालतात, याचा मला संताप येतो.

आता दिल्लीचा हिशेब बघा. केंद्रीय श्रममंत्री दोन मोठ्या संस्थांचे अध्यक्ष असतात. एक कर्मचारी भविष्य निर्वाह निधी, दुसरी ईएसआय. १३ ऑक्टोबर २०२५ ला भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की नोकरी गेलेल्या माणसाला आपल्या खात्यातले ७५ टक्के लगेच काढता येतील, पण उरलेले पैसे काढून खाते बंद करायचे असेल तर १२ महिने थांबावे लागेल. आधी ही मुदत दोन महिन्यांची होती. पेन्शनच्या पैशांसाठी तर आता ३६ महिने थांबायचे. कामगाराची म्हातारपणाची पुंजी टिकावी, असे कारण त्यामागे सांगितले गेले, आणि त्यात तथ्य आहे असे मीही मानतो. पण मग एका गोष्टीचे उत्तर द्या. त्याच कामगाराच्या स्वतःच्या पैशाला हात लावायचा प्रश्न येतो तेव्हा तुम्हाला त्याची बेकारी १२ महिने आणि ३६ महिने चालू शकते हे कळते. त्याला भत्ता द्यायचा प्रश्न येतो तेव्हा तीच बेकारी ९० दिवसांत संपते असे तुम्ही धरता. एकाच मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली, एकाच माणसासाठी, दोन पंचांगे कशी चालतात? बारा महिने थांबायला लावत असाल तर बारा महिने जगण्याची सोयही करा.

आणि ही सोय अशक्य आहे असे कुणी सांगू नये, कारण ती याच ईएसआय महामंडळात कागदावर आहे. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कामाबाहेर झालेल्या दुखापतीने कायमचे मोठे अपंगत्व आले, तर त्या योजनेत २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो. पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा, दुसऱ्या वर्षी पाव. म्हणजे दोन वर्षांची बेकारी सरकारला कल्पनेबाहेरची नाही. अडचण अशी की कारखाना कायदेशीर रीतीने बंद झाला, किंवा कपात कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे झाली, हे सिद्ध व्हायला लागते. ज्याला फाटकावर तोंडी सांगून काढले त्याने काय सिद्ध करायचे? आजची बहुतेक माणसे अशीच जातात. एका माजी पंतप्रधानाच्या नावाची योजना लांब आहे पण तिचे दार अरुंद, दुसऱ्याच्या नावाची जरा रुंद आहे पण पाऊल टाकताच संपते. या दोन्ही एकत्र करून एक धड कायदा करायला कोणत्या पक्षाच्या खासदाराची हरकत असावी?

मूळ आजार हा की हा भत्ता हक्क नाही. योजना आहे. अटल योजना सुरुवातीला दोन वर्षांचा प्रयोग म्हणून आणली आणि तेव्हापासून तिला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत आली. कामगाराला काढून टाकण्याची सोय मात्र पक्क्या कायद्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेने कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. म्हणजे २९० माणसांचा कारखाना बंद करायला आता कुणाला विचारावे लागत नाही. बदल्यात कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मिळेल. पंधरा दिवस! पंचेचाळीस वर्षांच्या लूमवाल्याने पंधरा दिवसांच्या पैशात कोणता नवा धंदा शिकायचा, हे संहिता लिहिणाऱ्यांनी एकदा बिर्लानगरात येऊन सांगावे.

बिर्लानगर म्हटले की ग्वाल्हेरकराला पुढचे सांगावे लागत नाही. १९२१ साली शिंदे संस्थानाच्या पाठबळावर बिर्लांनी इथे जियाजीराव कॉटन मिल उभारली. सगळे तिला जेसी मिल म्हणत. तिच्या भोवती कामगारांच्या लाइनी वसल्या, हजिऱ्याचा बाजार वाढला, आणि सत्तर वर्षे या शहराच्या अर्ध्या भागाचे घड्याळ मिलच्या पाळ्यांवर चालले. १९९२ साली मिल बंद झाली. हजारो माणसे एका वर्षात बेकार झाली आणि त्यांच्या पगाराची, ग्रॅच्युइटीची, भरपाईची थकबाकी अवसायनाच्या कज्ज्यात अडकून पडली. जमिनीवर कुणाचा हक्क, बँकांचा किती, सरकारचा किती, यावर वकील बोलत राहिले. दरम्यान तिथले फिटर रिक्षा ओढू लागले, जॉबर दुकानाबाहेर रखवालदार झाले. कित्येक जण आपला हिशेब न मिळताच गेले, आणि त्यांच्या विधवा कागदांची पुडकी घेऊन सभांना बसू लागल्या. त्या वेळी राजीव गांधी योजना नव्हती, अटल योजनाही नव्हती. १९४८ साली ईएसआयचा कायदा झाला. त्यात आजारपण होते, बाळंतपण होते, अपघात होता, पण बेकारी नव्हती. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचे जे झाले, तेच दहा वर्षांनी आमच्याकडे झाले; फक्त त्यावर कुणी नाटके लिहिली नाहीत.

इंदूरची हुकुमचंद मिलही त्याच सुमारास बंद पडली. तिथल्या कामगारांनी तीस वर्षांहून अधिक काळ लढा दिला आणि अखेर सुमारे २२४ कोटी रुपयांच्या थकबाकीचा धनादेश सुपूर्द झाला. तो दिवस होता २५ डिसेंबर २०२३, वाजपेयींचा जन्मदिवस. पंतप्रधान स्वतः त्या कार्यक्रमात दूरदृश्य प्रणालीने सहभागी झाले. इंदूरच्या कामगारांना मिळाले याचा आनंद आहे. पण ज्यांच्या जन्मदिवशी ते मिळाले, त्यांच्या जन्मगावातल्या जेसी मिलच्या कामगारांना इतकी वर्षे ताटकळत का ठेवले? आणि थकबाकी म्हणजे मदत नव्हे. ते त्यांनी कमावलेले पैसे आहेत. तीसहून अधिक वर्षांनी कमाई परत मिळण्याला सोहळा करावा लागतो, यातच आपल्या राज्यकर्त्यांनी बेकाराला काय मानले आहे ते दिसते.

आता राज्यकर्त्यांच्याच बेकारीबद्दल बोलू. खासदारकी गेली की माजी खासदाराला पेन्शन मिळते. मार्च २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने ती दरमहा ३१,००० रुपये झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. पाच वर्षांपेक्षा जास्त काळ बसला असेल तर प्रत्येक वर्षामागे आणखी २,५०० रुपये. किती दिवस? मरेपर्यंत. माणूस निवडणूक हरला, म्हणजे मालकाने, अर्थात जनतेने, त्याला कामावरून काढले. तरी जनता त्याला आयुष्यभर पोसते. मी ही पेन्शन बंद करा असे म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की ज्याने स्वतःच्या बेकारीसाठी आयुष्यभराची तरतूद करून घेतली, त्याला दुसऱ्याच्या बेकारीला नव्वद दिवस पुरे आहेत असे म्हणण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

‘भत्ता वाढवला तर लोक आळशी होतील.’ हे वाक्य मी बाड्याच्या चौकातल्या दुकानात ऐकले आहे, लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, आणि शिकलेल्या, पेन्शन खाणाऱ्या माणसांच्या तोंडून सर्वांत जास्त ऐकले आहे. दिवसाला २०० रुपये घेऊन कुणी आळशी होत नाही, अर्धपोटी राहतो. कामाची सवय असलेल्या माणसाला रिकामे बसणे किती जाचते, हे ज्याच्या घरात बेकार माणूस आहे त्याला विचारा. तो सकाळी नेहमीच्या वेळी उठतो, आंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि कुठे जायचे हे न कळून नई सडकेवरून बाड्यापर्यंत जाऊन परत येतो. त्याला आळशी म्हणणे हा खोटेपणा आहे, आणि निर्दयपणाही.

‘ही रेवडी आहे’ असेही म्हणतात. रेवडी फुकट वाटतात. हा विमा आहे. मजुराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. या पैशात दवाखाना, औषधे, आजारपणाची रजा हेही येते, हे मान्य. पण ते मिळते ते भरल्यावरच. आणि तिजोरीत पैसा नाही असेही नाही. १ जुलै २०१९ पासून सरकारने हीच एकूण वर्गणी पगाराच्या ६.५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणली. त्या कपातीचा मोठा वाटा मालकांच्या पदरात पडला, त्यांचा ४.७५ चा हिस्सा ३.२५ झाला. निधी भक्कम नसता तर ही सूट दिली गेली असती का? मालकाला दीड टक्का सोडता येतो, तर बेकाराला आणखी नऊ महिने का देता येत नाहीत? मालकाच्या त्या दीड टक्क्यातला अर्धा टक्का परत घ्या आणि तो फक्त बेकारी भत्त्यासाठी वेगळा ठेवा. वर्गणीदार जास्त असतात, एका वेळी बेकार होणारे थोडे असतात. विमा चालतो तो याच आधारावर.

मग आकडे पुढे करतात. मध्य प्रदेशचा बेकारीचा दर देशातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे, असे भाषणांत सांगतात. त्या दराची मोजणी कशी होते, ते भाषणात येत नाही. सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातून एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात. वार्षिक मोजणीत वर्षातून तीसेक दिवस काही केले तरी तो बेकार ठरत नाही. मालनपूरहून काढलेला माणूस भावाच्या दुकानात दुपारी तासभर बसला, की आकड्यातून पुसला जातो. अशा आकड्यावर धोरण ठरवणे म्हणजे तापमापक बर्फात बुडवून रोग्याला बरे ठरवणे. रोगी कसा आहे ते बिर्लानगर स्टेशनने जून २०२२ मध्ये दाखवले. सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि भरतीसाठी वर्षानुवर्षे धावणारी भिंड-मुरैना-ग्वाल्हेरची पोरे रुळांवर उतरली. त्यांनी केलेल्या मोडतोडीचे मी समर्थन करत नाही. पण ज्या राज्यात बेकारीच नाही, तिथे चार वर्षांच्या नोकरीवरून एवढा वणवा का पेटला, हे विचारणार.

आता माझ्या या रस्त्याकडे येतो. नई सडकेवरच्या दुकानांतून जी माणसे काम करतात, कापड दाखवणारी, वह्या लिहिणारी, काउंटरवर उभी राहणारी, गोदामात पोती उचलणारी, त्यातल्या बहुतेकांना वर सांगितलेले काहीच लागू नाही. ईएसआयची सक्ती दहा किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला. चार नोकरांचे दुकान त्यात येत नाही. दहा असतील तर कागदावर नऊच असतात, हे या रस्त्यावर कुणालाही विचारा. आणि पगाराची मर्यादा २१,००० रुपये. जानेवारी २०१७ पासून ती तिथेच आहे. म्हणजे खालचा बाहेर राहिला कारण त्याचे दुकान लहान, आणि जरा वरचा बाहेर राहिला कारण त्याच्या पगाराने महागाईबरोबर दोन पावले टाकली. महामंडळाच्या सावलीत उरतो कोण?

या माणसांसाठी भत्त्याबरोबर कामाची हमी लागेल, आणि ती कशी द्यायची हे मराठी माणसाला शिकवावे लागू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी राज्यभर नेली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा आग्रह होता. पैसा कुठून आणायचा, तर १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या नोकरदाराने, व्यापाऱ्याने थोडे द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले. मुंबईतला कारकून बीडच्या मजुराच्या कामाचा वाटेकरी झाला, आणि पुढे २००५ साली दिल्लीने देशभराच्या गावांसाठी जो कायदा केला त्याला हाच अनुभव उपयोगी पडला. डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा येऊन कागदावरचे दिवस १०० चे १२५ झाले. शहर तेव्हाही बाहेर होते, आताही बाहेर आहे.

व्यवसाय कर मध्य प्रदेशही घेतो, वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत. मीही भरत आलो. या पैशाला शहरातल्या बेकाराशी बांधणारा एक कायदा भोपाळच्या विधानसभेने करावा, एवढेच मागणे आहे. हे स्वप्नरंजन नाही. केरळने २०१० साली अय्यनकाली यांच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. शेजारच्या राजस्थानाने २०२२ साली शहरांत १०० दिवसांचे काम द्यायला सुरुवात केली आणि २०२३ साली त्यामागे कायदा उभा केला. ग्वाल्हेरहून तिथले धौलपूर काही फार लांब नाही. जे धौलपूरच्या माणसाला विधानसभा देऊ शकते, ते ग्वाल्हेरच्या मुरारमधल्या माणसाला का देऊ शकत नाही?

बाहेरच्या देशांची उदाहरणे मी थोडक्यात देतो, कारण ती दिली की लगेच ‘ते श्रीमंत आहेत’ असे उत्तर येते. जर्मनीत बेकारी विमा साधारण वर्षभर चालतो, पण ५८ वर्षे ओलांडलेल्याला तो २४ महिन्यांपर्यंत मिळतो. वय वाढले की नोकरी मिळायला वेळ लागतो, हे तिथल्या कायद्याने मान्य केले आहे. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर काही राज्यांत ९९ आठवड्यांपर्यंत भत्ता नेला होता. पैशाचे सोडून द्या, तत्त्वाचे बोला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५२ चा सामाजिक सुरक्षेचा करार आहे. त्यात किमान पातळी ठरवली आहे: नोकरदारांना बारा महिन्यांच्या काळात १३ आठवडे भत्ता. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस. आपण जे आयुष्यात एकदा देतो, ते त्या कराराने वर्षाच्या हिशेबाने मागितले होते, तेही सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी. भारताने त्या करारावर आजवर मोहोर उठवलेली नाही.

परदेशाचेही सोडा. आपल्या राज्यघटनेचे कलम ४१ सांगते की राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून द्यावा, आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण, विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्कही. घटनाकारांनी बेकारी हा शब्द त्या यादीत पहिला लिहिला. क्षमतेच्या मर्यादेची सबब १९५० साली शोभत होती. आज जगातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थांत आपली गणना होते म्हणून जे छाती काढतात, त्यांना ती शोभत नाही.

तेव्हा खासदारांनी आणि आमदारांनी हे करावे. अटल योजनेतली ‘आयुष्यात एकदा’ ही अट रद्द करावी. भत्ता किमान बारा महिने चालावा, पंचेचाळिशी ओलांडलेल्याला चोवीस. तो योजनेतून काढून सामाजिक सुरक्षा संहितेत हक्क म्हणून लिहावा, म्हणजे मुदतवाढीसाठी कुणाच्या मर्जीकडे बघावे लागणार नाही. नोकरी कशी गेली हे सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नसावे. वर्गणी थांबली की महामंडळाने मालकाला जाब विचारावा आणि तोवर कामगाराचा भत्ता सुरू करावा. २१,००० ची मर्यादा उठवावी आणि चार नोकरांचे दुकानही आत घ्यावे. जेसी मिलच्या ज्या कामगारांचे आणि विधवांचे देणे राहिले आहे ते, त्यांच्यातले कुणी हयात आहे तोवर, व्याजासह फेडावे.

ग्वाल्हेर हे राजकारण्यांचे गाव आहे. पंतप्रधान या मातीतून गेले, केंद्रीय मंत्री गेले, आज राज्याच्या विधानसभेचे अध्यक्षही याच भागातले आहेत. दिल्लीत आणि भोपाळमध्ये या शहराचा शब्द पडत नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. तो शब्द बेकारासाठी आजवर खर्ची पडलेला नाही.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी मत मागायला कुणी नई सडकेवर आले, हार घालून घेतले, अटलजींचे नाव घेतले, तर त्यांना जात विचारू नका, पक्ष विचारू नका. नव्वद दिवसांचे किती दिवस केलेत, एवढेच विचारा, आणि आकडा मिळेपर्यंत हात जोडू नका.